एका खुणेची कुळकथा

रविवारची सकाळ होती. सातवीत शिकणारी माझी मुलगी जास्वंदीचे फूल उभे चिरून वहीत त्याची आकृती काढीत बसली होती. बंगळूरच्या शाळेत तिचे शिक्षण इंग्रजीतून आणि कन्नडातून चालते; मराठी काय ती घरात. त्यामुळे एखादा शब्द अडला, की "बाबा, याला मराठीत काय म्हणायचं?" असा प्रश्न माझ्यापुढे येतो. त्या दिवशी शब्द आला ‘स्टिग्मा’. वर्तमानपत्रावरची नजर न काढताच मी सांगून टाकले, "कलंक." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "फुलाला कसला कलंक?"

मी पेपर खाली ठेवला. तिने बोट ठेवले होते ते फुलातून बाहेर आलेल्या लांब दांडीच्या अगदी टोकावर. तेथे मखमलीसारखे पाच लाल ठिपके होते. परागकण येऊन चिकटतात ते या ठिपक्यांवर, आणि बीजधारणेची पहिली पायरी तीच. आपल्या शालेय पुस्तकांत या भागाला कुक्षी म्हटले आहे. विश्वकोशात किंजल्क हा शब्द आढळतो. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि त्यांत लाजिरवाणे असे काहीच नाही. मग ज्या शब्दाने वनस्पतिशास्त्रज्ञ फुलाचे मर्मस्थान दाखवतो, त्याच शब्दाने समाज माणसाच्या कपाळीची बदनामी कशी दाखवतो? मुलीची आकृती अर्ध्या तासात पुरी झाली. माझा शोध मात्र पुढे बरेच महिने चालला. त्याचेच हे टिपण.

मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा धातू ‘टोचणे’ या अर्थाचा. टोचून, गोंदून उमटवलेली खूण म्हणजे स्टिग्मा. ही खूण चांगली की वाईट, हे त्या धातूत कोठेच सांगितलेले नाही. इतिहासकार हिरोडोटस लिहितो, की थ्रेस देशच्या लोकांत अंगावर गोंदलेले असणे हे कुलीनतेचे लक्षण मानीत आणि ज्याच्या अंगावर गोंदण नाही तो हलक्या कुळातला समजत. इकडे ग्रीकांच्या नगरांत पळून जाणाऱ्या गुलामाला पकडून गोंदत. सीमेच्या एका बाजूला जी खानदानाची निशाणी, तीच दुसऱ्या बाजूला दास्याची! इ. स. पूर्व ४१३ मध्ये अथेन्सची फौज सिराक्यूजपाशी नामोहरम झाली, तेव्हा गुलाम म्हणून विकलेल्या कैद्यांच्या कपाळावर घोड्याचे चिन्ह उमटवल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे. काल जो नागरिक होता तो आज दास झाला, आणि ही वार्ता त्याने स्वतः सांगण्याची गरज उरली नाही. त्याचे कपाळच ती सांगू लागले.

परंतु त्याच हिरोडोटसने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. मिसर देशात नाईलच्या मुखापाशी एक देवालय होते. कोणाचाही गुलाम पळून तेथे गेला आणि त्याने अंगावर देवाच्या पवित्र खुणा उमटवून घेतल्या, की त्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाच उरत नसे. म्हणजे धन्याची खूण बेडी होती आणि देवाची खूण कवच होते. पुढे ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉल याने, आपण येशूच्या खुणा अंगावर वागवतो असे अभिमानाने लिहिले. १२२४ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसच्या अंगावर क्रुसाच्या जखमा प्रकटल्या असे त्याचे भक्त मानू लागले, तेव्हा त्या जखमांनाही याच शब्दाचे अनेकवचन मिळाले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३१६ च्या सुमारास एक आज्ञा काढली. शिक्षा झालेल्याला खूण करायचीच तर हातावर किंवा पोटरीवर करावी, चेहऱ्यावर करू नये. कारण चेहरा हा स्वर्गीय सौंदर्याच्या धर्तीवर घडलेला आहे. आज्ञेत दया थोडी आणि हिशेब जास्त असेल; तरीही माणसाचे तोंड ही लिहिण्याची पाटी नव्हे, एवढे तरी एका सत्ताधीशाला वाटले.

फुलापर्यंत हा शब्द पोहोचला तो फार उशिरा. १६९४ मध्ये ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने वनस्पतींतही नर-मादी भेद असतो हे प्रयोगांनी दाखवून दिले. मक्याच्या कणसावरचे रेशमी धागे कापून टाकले तर दाणे भरत नाहीत, हे त्याने पाहिले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्या धाग्यांची ओळख आहेच. ते धागे म्हणजेच मक्याच्या फुलांचे परागग्रहण करणारे अवयव. पुढे १७५१ च्या आपल्या ग्रंथात लिनीअसने फुलाच्या स्त्रीभागाचे तीन विभाग शास्त्रीय परिभाषेत पक्के केले आणि त्यांतील टोकाच्या भागाला स्टिग्मा म्हटले. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा तेथे उरलेला अर्थ एवढाच, की ठिपका, खूण. कीटकांच्या अंगावर श्वासासाठी असलेल्या बारीक छिद्रांनाही प्राणिशास्त्रज्ञ हेच नाव देत. शास्त्रज्ञाने शब्द उचलला तो त्याची बदनामी झटकून.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. केशर म्हणून आपण जे दुधात घालतो, ते त्या फुलाचे किंजल्कच होय. एका फुलात तीन तांबड्या काड्या. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात. ते उगाळून देवाच्या कपाळी गंध लावतात, शुभकार्यात वडीलधाऱ्यांना लावतात. म्हणजे अक्षरशः ‘स्टिग्मा’च कपाळी रेखायचा, आणि तो मानाचा!

आपल्या समाजाला खुणांची ही दोन्ही रूपे परकी नाहीत. गोंदण हे आपल्या आजी-पणजीचे भूषण होते. मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढा एकच, अशी त्यांची श्रद्धा. आषाढी एकादशीला येथील माध्व मठांत तप्तमुद्रा घेण्यासाठी रांगा लागतात. बंगळूरच्या मराठी घरांतील अनेकजण त्या रांगेत उभे असतात. तापवलेल्या धातूचे शंख-चक्र दंडावर टेकवले जातात, कातडी चरचरते आणि माणूस समाधानाने हात जोडतो. हेच तप्त लोखंड कोणी बळाने टेकवले असते, तर आपण त्याला डागणे म्हटले असते. आपल्या भाषेतही ‘कलंक’ हा आधी चंद्रावरचा डाग, मग माणसावरचा. ‘बट्टा’ तर सराफाच्या पेढीवरून आला: झिजलेले किंवा परमुलखातले नाणे बदलून देताना सराफ जी तूट कापून घेई ती बट्टा. नावाला बट्टा लागणे म्हणजे बाजारात त्या नावाची किंमत पुरी न मिळणे. नाण्यातील धातू तोच. त्याचा भाव ठरवणारा पेढीवर बसलेला. हा पेढीवर बसलेला माणूस पुढेही आपल्याला भेटणार आहे.

इंग्रजी अमलात आपल्याकडचे गोंदणे शिक्षेच्या कामी आले. १७९७ मध्ये बंगाल प्रांताच्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या अपराधाचा उल्लेख गोंदण्याची तरतूद केली. ‘गोदना’ हे देशी नावच सरकारी कागदांत रूढ झाले. खेड्यापाड्यांतील बायाबापड्या ज्या सुईने तुळशीवृंदावन गोंदून घेत, ती सुई तुरुंगाच्या दाराशी आली. १८४९ मध्ये ही शिक्षा कायद्याने बंद झाली. पण खूण करण्याची गरज संपली नव्हती. तिने फक्त जागा बदलली. कपाळावरून ती रजिस्टरात गेली.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा हे त्या स्थलांतराचे मोठे उदाहरण होय. येथे माणसाच्या अंगाला सुई लावण्याचे कारणच उरले नाही. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारी प्रसिद्धिपत्रकाने जाहीर केले, की तिच्यातील माणसांची नावे नोंदली जात. गाव सोडायचा तर परवाना, आणि नेमल्या वेळी हजेरी. १९११ मध्ये कायदा साऱ्या ब्रिटिश मुलखाला लागू करण्यात आला आणि १९२४ मध्ये त्याची एकत्रित मांडणी झाली. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या कुंपणाआड जन्मलेल्या मुलाने चोरी केली की नाही हा प्रश्न कोणी विचारत नव्हता. त्याच्या नावाचा रकाना आधीच भरलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवू लागल्या. मात्र कायद्याची पाने रद्द करणे सोपे, लोकांच्या मनातील पान रद्द करणे अवघड. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायकवाडांनी आपल्या आत्मकथेला नाव दिले ते जमातीवर मारलेल्या शिक्क्याचेच. ज्या शब्दाने इतरांनी त्यांना हिणवले, तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. खूण पुसता येत नसेल तर ती आपल्या हाताने लिहून तिचा अर्थ बदलायचा, हा मार्ग या लेखकांनी दाखवला.

माणसावरून घरावर येणाऱ्या खुणांचाही एक इतिहास आहे आणि त्याचा धागा मुंबई-पुण्यापासून आमच्या बंगळूरपर्यंत येतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. रोगी सापडलेल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळे रंगवली जात आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तीन इंग्रजी अक्षरे लिहीत. पुढील साली पुण्यात घरझडत्यांनी लोक इतके चिडले, की २२ जून १८९७ रोजी रँडचा वध झाला. त्या धामधुमीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते. एकीकडे घरावर वर्तुळ काढून दूर होणारे हात आणि दुसरीकडे रोग्याला पाठीवर घेणारे हे वृद्ध हात. १८९८ च्या ऑगस्टात प्लेग रेल्वेने बंगळुरास पोहोचला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्यांची आखणी १८९२ मध्येच झाली होती. त्या खऱ्या भरल्या त्या प्लेगने जुन्या पेठेतील लोक बाहेर पडल्यावर. आज ज्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून आम्ही संध्याकाळी फिरतो, ते रस्ते अशा एका भीतीच्या पोटी वाढले आहेत.

एकशेबावीस वर्षांनी तीच भीती फिरून आली. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने घरी विलग राहण्यास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यास सुरुवात केली. लवकरच बंगळूरच्या विमानतळावर उतरणाऱ्यांच्या हातांवरही तो दिसू लागला. ही शाई चटकन पुसली जाऊ नये म्हणून निवडणुकीतील न पुसणारी शाई वापरण्यास निवडणूक आयोगाने परवानगी दिली. या शाईचा उगम आमच्या शेजारी म्हैसुरात आहे. १९३७ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात निघालेल्या रंगाच्या कारखान्यात ती तयार होते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशभर मतदारांच्या बोटांना लागते. तिच्यात रुप्याचे लवण असते. उजेड लागला की ते काळे पडते आणि कातडीत मुरते. मतदानाच्या दिवशी तीच शाई लागलेले बोट आपण अभिमानाने वर करून छायाचित्र काढून घेतो. आणि हातावरचा शिक्का? मुंबईहून सुटलेल्या एका गाडीत चार प्रवाशांच्या हातांवर तो दिसला, तेव्हा सहप्रवाशांनी ओरड केली आणि त्या चौघांना पालघरला उतरवण्यात आले. घरांच्या दारांवर सूचनापत्रे चिकटवण्याची चाल इतकी पसरली, की डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले आणि सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज अशी पत्रे लावू नयेत असे सांगावे लागले. रोगापासून सावध राहणे जरूर होते, हे कोणी नाकारणार नाही. तथापि सूचनापत्र उतरल्यावरही किती दिवस शेजारची मुले त्या दारापुढून धावत गेली, हे ज्याच्या त्याच्या गल्लीला ठाऊक आहे.

आता मी मुलीला ‘कलंक’ असे न पाहता उत्तर का दिले, ते सांगितले पाहिजे. मी केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून आहे आणि हा शब्द आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. नोकरीतून कमी करण्याचा आदेश ‘स्टिग्मा’ लावणारा आहे की नाही, यावर आमच्याकडे मोठमोठी प्रकरणे चालतात. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार सरकारी नोकराला त्याच्यावरील आरोप कळवून, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज शिक्षा म्हणून काढता येत नाही. हंगामी नोकराला मात्र नोटीस देऊन कमी करता येते. या दोहोंच्या सीमेवर एक खटला उभा राहिला. केंद्र सरकारच्या एका हंगामी द्वितीय श्रेणी कारकुनाला १९४९ मध्ये कमी केले गेले. आदेश लहानसाच होता. परंतु त्यात, हा नोकरीत ठेवण्यास ‘अनडिझायरेबल’ आढळला, असा एक शब्द होता. चौकशी झालेली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६३ मध्ये निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. त्यांचा जन्म साताऱ्याचा आणि आडनाव आजच्या कर्नाटकातील गजेंद्रगडचे. मराठी आणि कानडी मुलखांचे जुने नाते त्या एका नावात आहे. त्यांनी कसोटी लावली ती वाचणाऱ्याची. हा आदेश एखाद्या समंजस माणसाने वाचला तर तो काय समजेल? हा मनुष्य बरा नाही, असेच समजेल. म्हणजे त्या शब्दाने त्याच्यावर डाग पडला. डाग पडला म्हणून ती शिक्षा झाली. आणि चौकशीविना शिक्षा देता येत नाही. एका शब्दाच्या निवाड्याला चौदा वर्षे लागली.

या निकालाने आमच्या पिढीला भाषा शिकवली. आता कमी करण्याचे आदेश स्वच्छ असतात. त्यांत विशेषण नसते, कारण नसते. कागदावरचा डाग गेला. ज्याची नोकरी गेली त्याच्या दारी चौकशीला येणारे सोयरे मात्र कागद वाचीत नाहीत.

एक गोष्ट माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होतो तेथे एका शिपायाची सेवा कायम करण्याचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. जुन्या फाइलीत त्याच्या नावापुढे मद्यपानाविषयी एक ओळीचा शेरा होता. तो मी नव्या टिपणात जसाच्या तसा उतरवला. उतरवणे हेच आमचे काम. त्यात वाईट हेतू नव्हता, तसा विचारही नव्हता. प्रकरण नऊ महिने रखडले. शेवटी निघाले असे, की तो शेरा त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा होता. मूळ नोंदीतील क्रमांक पाहिला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी त्याची क्षमा मागितली. त्याने कन्नडातून एवढेच विचारले, की ती ओळ आता तेथून जाईल ना?

त्याला काय उत्तर द्यावे, मला कळेना. सरकारी नोंदीत खाडाखोड करता येत नाही. चुकीची ओळ खरवडायची नसते, तिच्यावर कागद चिकटवायचा नसतो. तिच्यावरून एक रेघ ओढायची, खालचा मजकूर वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख घालून सही करायची. नियम योग्यच आहे. त्याशिवाय नोंदींवर विश्वास कोण ठेवील? परंतु त्याचा अर्थ असा, की ती फाइल जो कोणी उघडील तो आधी ती ओळ वाचील आणि मग तिच्यावरची रेघ पाहील. मी त्याला ते पान दाखवले, रेघ ओढली, सही केली. शिवाय नियमाने आवश्यक नसताना समासात एक ओळ अधिक लिहिली: हा शेरा या इसमाचा नव्हे; नोंद करणाऱ्याची चूक.

ग्रीकांच्या सुईपासून म्हैसूरच्या शाईपर्यंत पाहत आलो, तेव्हा मला जे दिसले ते एवढेच. खुणेच्या अंगी मान नाही आणि अपमानही नाही. तीच सुई, तोच तप्त धातू, तीच शाई. खूण माणसाने स्वतः मागून घेतली, तर ती गोंदण होते, मुद्रा होते, मतदाराची शाई होते. त्याला न विचारता दुसऱ्याने केली आणि तिसऱ्याने वाचली, की ती कलंक होते. म्हणून कलंकाचा विचार करताना आपण ज्याच्यावर तो आहे त्याच्याकडे पाहत राहतो, हीच आपली चूक. पाहावे ते करणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हाताकडे. पूर्वी त्या हातात लोखंड असे; आता लेखणी असते, आणि पुष्कळदा ती माझ्यासारख्या साध्या, कोणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसाच्या हातात असते.

मुलीच्या वहीतील ती आकृती अजून आहे. पाच ठिपक्यांपासून तिने एक बाण काढला असून त्यापुढे तिन्ही शब्द लिहिले आहेत: कन्नडातला, इंग्रजी आणि मराठी. मराठीच्या जागी आधी ‘कलंक’ लिहिले होते. त्यावर एक रेघ आहे आणि पुढे ‘कुक्षी’. खालचा शब्द मात्र अजून वाचता येतो.